‘माणसे मिळत नाहीत’ म्हणजे नेमके काय मिळत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजकांच्या वतीने आपल्याला पुढील पाच वर्षांच्या मनुष्यबळाचे सर्वेक्षण करायचे आहे. ‘माणसे मिळत नाहीत’ ही सभासदांची एकमुखी तक्रार आहे. आणि सर्वेक्षणातून जे निघेल त्यावरून कौशल्य प्रशिक्षण केंद्र काढायचे, की बिहार-ओडिशाकडून कामगार आणण्याची काही शिस्तशीर व्यवस्था लावायची, हे ठरवायचे आहे. सोबतची प्रश्नावलीही मी लक्षपूर्वक वाचली. माझी आधीची काही वर्षे एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, कार्मिक विभागात आणि नंतरची बहुतेक अशाच सर्वेक्षणांच्या कामात गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबले तरी सुरुवात प्रश्नावलीपासूनच करतो.

पहिलाच प्रश्न, म्हणजे ‘येत्या पाच वर्षांत आपणास किती कुशल कामगार लागतील?’, हा काढून टाकावा असे मी सुचवेन. हा प्रश्न मी स्वतः पूर्वी विचारलेला आहे. आलेली जवळजवळ सगळी उत्तरे पाचाच्या किंवा दहाच्या पटीत होती. त्यांची बेरीज करून आम्ही एक भारदस्त आकडा काढला, त्या आकड्याच्या भरवशावर एका संस्थेने मोल्डिंगचा, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे बनवण्याचा, तीन महिन्यांचा वर्ग चालवला, आणि वर्ग संपल्यावर ज्यांनी ‘वीस लागतील’ असे लिहून दिले होते त्यांच्या दारात मुले घेऊन गेलो तेव्हा ‘सध्या ऑर्डर कमी आहे, दोघांना पाठवा’ असे ऐकावे लागले. त्या दोघांपैकी एक दिवाळीपर्यंतही टिकला नाही. मालकांनी खोटे सांगितले होते असे मला वाटत नाही. पुढच्या पाच वर्षांबद्दल विचारले की माणूस आपली उमेद सांगतो, आणि जी गोष्ट फुकट मिळणार असे वाटते तिची मागणी कोणी हात राखून नोंदवत नाही. चूक आमच्या प्रश्नात होती.

‘माणसे मिळत नाहीत’ या तक्रारीत किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधलेल्या असतात आणि सर्वेक्षणाचे खरे काम ते गाठोडे सोडवण्याचे आहे. पहिली गोष्ट अशी की, ते काम करू शकतील अशी माणसे आसपास आहेत, परंतु देऊ केलेल्या पगारात आणि त्या परिस्थितीत ती यायला तयार नाहीत. दुसरी अशी की, पगार वाढवला तरी ते काम येणारी माणसेच पुरेशी नाहीत, कारण ते शिकवण्याची सोय नाही किंवा हात बसायला वर्षे लागतात. तिसरी अशी की, माणसे मिळतात, शिकतात, आणि शिकली की निघून जातात. कोल्हापूरच्या फाउंड्रीपुरते बोलायचे तर फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे) आणि हाताने होणारे मोल्डिंग बहुतांशी पहिल्या प्रकारात मोडते. पॅटर्नमेकर, वाळूची चाचणी करणारा, इंडक्शन भट्टीवरचा जाणता माणूस आणि देखभालीचा इलेक्ट्रिशियन हे दुसऱ्या प्रकारात. आणि सीएनसी-व्हीएमसी या संगणकनियंत्रित यंत्रांचा ऑपरेटर किंवा सेटर (यंत्र लावून देणारा) हा तिसऱ्या प्रकाराचा अस्सल नमुना आहे, कारण तो आपल्याकडे दोन वर्षे हात बसवतो आणि पुण्याजवळच्या चाकणला जातो. या तिन्हींची बेरीज करून एकच आकडा काढला की तो कोणत्याच उपायाला लागू पडत नाही. प्रशिक्षण केंद्र दुसऱ्या प्रकाराला उपयोगी आहे. पहिल्या प्रकाराला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे, आणि तिसऱ्या प्रकारात तर ते चाकणसाठी माणसे तयार करण्याचे केंद्र ठरते.

पहिल्या प्रकाराबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण सभासदांचा सर्वाधिक राग तिथे आहे. ‘इथल्या पोरांना काम नको आहे’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत निघते. करवीर किंवा कागल तालुक्यातल्या विशीतल्या मुलासमोर काय काय पर्याय आहेत, हे एकदा मांडून पाहावे: घरची थोडी ऊसशेती, दोन म्हशींचे दूध, सैन्य-पोलीस भरतीची अकादमी, कुरिअर किंवा टेम्पो, आणि मग फाउंड्री. सुमारे १४०० अंश तापमानाचा लोखंडाचा रस ओतला जातो त्या शेडमध्ये आठ तास उभे राहायचे आणि फेटलिंगच्या ग्राइंडरवर वाळूची धूळ नाकातोंडात घ्यायची, हे काम, दुसरा पर्याय असेपर्यंत, तो मुलगा टाळणारच. त्या धुळीतून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सूचनीय, म्हणजे आढळल्यास सरकारला कळवणे बंधनकारक, म्हणून नोंदला गेलेला आहे. ही कामगारांची कुरबूर नाही, कायद्याने मान्य केलेला धोका आहे. शिवाय गावात बोलले जाते पण प्रश्नावलीत कधीच येत नाही असे एक कारण आहे: फाउंड्रीत मोल्डिंगला असलेल्या मुलाला स्थळ मिळायला अडचण येते. हाच मुलगा हजार-दोन हजार कमी पगारावर दुकानात उभा राहतो, कारण तिथे शर्ट स्वच्छ राहतो. हा कौशल्याचा अभाव नव्हे. धूळ ओढून घेणारी यंत्रणा, पाळीची निश्चिती आणि पदनामातला मान यांनी जितका फरक पडेल तितका कोणत्याही प्रमाणपत्राने पडणार नाही.

याच प्रश्नाला ब्रिटनने एक शिस्त लावली होती आणि ती आपल्याला उसनी घेता येण्यासारखी आहे. तेथे २००७ मध्ये स्थलांतरविषयक सल्लागार समिती स्थापन झाली. एखाद्या व्यवसायासाठी बाहेरच्या देशातून माणसे आणू द्यावीत का, हे ठरवताना ती तीन प्रश्न क्रमाने विचारत आली: काम खरोखर कौशल्याचे आहे का, त्यात खरोखर तुटवडा आहे का, आणि तो तुटवडा स्थलांतरितांनी भरून काढणे शहाणपणाचे आहे का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तुटवडा सिद्ध झाला म्हणून बाहेरून माणसे आणणे हाच उपाय ठरत नाही. पगार वाढवणे, यंत्र आणणे, कामाची रचना बदलणे किंवा ते काम सोडून देणे हेही उपाय असतात. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांना फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे तुटवड्याच्या यादीत घेतले गेले, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी याच समितीने आपल्या अहवालात या क्षेत्राच्या अडचणीचे मूळ कमी पगारात आहे असे स्पष्ट लिहिले. फेटलिंगबद्दल आपल्याला वेगळे काही आढळेल असे मला वाटत नाही.

आता विचारायचे काय, ते सांगतो. भविष्य विचारू नये. गेले बारा महिने विचारावेत. कोणती जागा रिकामी झाली, ती किती आठवडे रिकामी राहिली, सुरुवातीला किती पगार सांगितला होता आणि शेवटी किती द्यावा लागला, माणूस कोणाच्या ओळखीने आला, जागा रिकामी असताना काम कसे भागवले, ओव्हरटाइम किती झाला, कोणती ऑर्डर माणसाअभावी नाकारली किंवा बाहेरून करून घेतली. ज्या मालकाने जागा तीन महिने रिकामी ठेवली, ओव्हरटाइमवर काम ओढले, आणि तरीही सांगितलेला पगार एका रुपयानेही वाढवला नाही, त्याला गरज आहे हे खरे, पण बाजारातली मागणी नाही. उलट ज्या पदाचा पगार इतर पदांच्या तुलनेत वर्षभरात ठळकपणे चढला आणि तरी जागा भरली नाही, तिथे खरा तुटवडा शोधावा.

फाउंड्रीसाठी मी आणखी एक मोजमाप आग्रहाने घेतो, ते म्हणजे रिजेक्शन. कौशल्याची उणीव रिकाम्या जागेत दिसतेच असे नाही. जागा भरलेली असते आणि उणीव भंगारात पडलेली असते. नाकारलेल्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) कारणवार रजिस्टर बहुतेक ठिकाणी असते. वाळूतल्या ओलाव्यामुळे आलेले दोष, वायूची छिद्रे, रस थंड पडल्याने न जुळलेले सांधे, कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) सरकणे, यांतले कोणते प्रमाण वाढले आहे यावरून नेमके कोणाचे कौशल्य कमी पडते आहे ते कळते. एका कारखान्यात मालकांना मोल्डर वाढवून हवे होते. रजिस्टर चाळल्यावर दिसले की बहुतेक दोष वाळूचे आहेत आणि वाळू तपासणारा मुलगा चार महिन्यांपूर्वी सोडून गेल्यापासून ते वाढले आहेत. तिथे गरज एका माणसाची होती.

पदांची नावे हा पुढचा खड्डा आहे. एका ठिकाणचा ‘ऑपरेटर’ हा दुसऱ्या ठिकाणचा ‘हेल्पर’ असतो. म्हणून प्रत्येक पदासमोर राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ चा संकेतांक लिहावा. हे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जोडलेले असल्याने धातूचे साचे व कोअर करणारे ७२११ या गटात येतात, वेल्डर ७२१२ मध्ये, आणि कारखान्यातील इतर मजूर ९३२९ मध्ये. हे आकडे रुक्ष वाटतील, पण त्यांच्यात एक मोठा अन्याय उघडा पडतो. दहा-बारा वर्षे साचे बनवणारा, डोळ्यांनी रसाचा रंग ओळखणारा, नव्या मुलांना शिकवणारा झारखंडचा माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर ‘हेल्पर’ म्हणून नोंदलेला असतो. त्याचे काम ७२११ चे आणि नोंद ९३२९ ची. मग आपले सर्वेक्षण हजेरीपटावरून केले तर निष्कर्ष निघतो की जिल्ह्यात मोल्डर नाहीत आणि अकुशल मजूर मुबलक आहेत. प्रत्यक्षात मोल्डर शेडमध्ये उभे असतात. माझ्या अनुभवात ‘कौशल्याचा तुटवडा’ म्हणून जे नोंदले जाते त्याचा बराच भाग हा कागदावरचा तुटवडा आहे, आणि त्याचा सर्वाधिक फटका स्थलांतरितालाच बसतो, कारण वेतनाची श्रेणी नोंदीवरून ठरते.

येथून आपण स्थलांतराकडे येतो. किती कामगार बाहेरचे आहेत, या आपल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. राज्य सरकारच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के कामगार स्थानिक ठेवावेत असे महाराष्ट्राचे धोरण कित्येक वर्षांपासून आहे. त्यामुळे लेखी उत्तरात बाहेरच्यांची संख्या कमीच लिहिली जाते, आणि ठेकेदाराकडची माणसे तर ‘आमची नाहीत’ म्हणून गाळली जातात. सरकारी आकडेवारीही येथे फारशी मदत करीत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित मोजले गेले, पण त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा आहे. हंगामी माणूस जनगणनेच्या व्याख्येतून निसटतो. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालाने म्हणूनच रेल्वेच्या अनारक्षित प्रवाशांच्या आकड्यांवरून, राज्याराज्यांत कामासाठी होणारे स्थलांतर २०११ ते २०१६ या काळात वर्षाला सरासरी ९० लाखांच्या घरात असल्याचा अंदाज बांधला. ही युक्ती आपल्यालाही लागू आहे. कोल्हापूरहून धनबादला जाणाऱ्या दीक्षाभूमी एक्स्प्रेसला छठच्या आणि होळीच्या आधी किती गर्दी असते, वसाहतींच्या कडेच्या गावांतील खोल्यांचे भाडे कसे चढले, खानावळींत भात आणि भाकरीचे प्रमाण कसे बदलले, यावरून जितके कळते तितके नोंदवहीवरून कळत नाही.

प्रश्नावलीतला ‘परप्रांतीय’ हा शब्दही बदलावा. तो अंगावर येतो, हे एक कारण. तो चुकीची रेघ मारतो, हे दुसरे. निपाणीहून रोज मोटरसायकलवर कागलला येणारा फिटर जेमतेम २० किलोमीटरवर राहतो, रात्री घरी जेवतो, आणि तरीही तो परराज्यातला आहे. बीडहून तीनशेहून अधिक किलोमीटर अंतरावरून बायको-मुलांसह येऊन पाचटाच्या खोपीत राहणारा ऊसतोड कामगार मात्र ‘स्थानिक’ राज्याचा आहे. कौशल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच: माणूस रोज घरी जातो का, वर्षातले किती महिने येथे असतो, कुटुंब सोबत आहे का, आणि मध्यस्थ कोण आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८ च्या ६४ व्या फेरीने वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेल्यांना अल्पकालीन स्थलांतरित म्हणून वेगळे मोजले होते. तीच विभागणी ठेवली तर आपले आकडे पुढे इतरांशी ताडून पाहता येतील.

कामगारांना विचारल्याशिवाय हे सर्वेक्षण पुरे होणार नाही. आपल्या आराखड्यात फक्त मालकांच्या मुलाखती आहेत. फाउंड्रीत येणारा पूर्वेकडचा मुलगा बहुधा गावातल्या कोणा ओळखीच्याबरोबर येतो, फेटलिंगला किंवा वाळू ओढायला लागतो, वर्ष-दीड वर्षात साच्याला हात लावू लागतो, आणि त्याला शिकवणारा हा त्याच्याच गावचा जुना मोल्डर असतो. म्हणजे आपल्या वसाहतीत एक प्रशिक्षण केंद्र आधीपासूनच चालू आहे; त्याला फलक नाही, त्याचा अभ्यासक्रम भोजपुरीत किंवा ओडियात आहे, आणि त्याचा प्रवेश नातेवाईकांपुरता आहे. हे केंद्र तुटले की काय होते ते २०२० मध्ये आपण पाहिले. त्या मे महिन्यात श्रमिक रेल्वेगाड्यांनी माणसे गेली. काही कारखान्यांनी स्थानिक मुले घेतली. उत्साहाने आलेल्या त्या मुलांना साचा शिकवायला कोणी जागेवर नव्हते, कारण शिकवणारे गाडीत बसून गेले होते. मी पाहिलेल्या ठिकाणी बरीचशी मुले पावसाळ्याच्या आत परतली, आणि त्याचे खापर पुन्हा ‘इथल्या पोरांवर’ फुटले.

ज्या कौशल्याच्या बळावर हा उद्योग चालतो ते कौशल्य कोल्हापूरच्या वाळूत शिकलेले आहे, पण त्याची मालकी कोल्हापूरकडे नाही. राजकोट, कोइमतूर, हावडा, आग्रा आणि शेजारचे बेळगाव येथेही ओतकामाचे उद्योगसमूह आहेत आणि हा माणूस फोनवर दोन ठिकाणचे दर विचारून तिकीट काढतो. त्यामुळे ‘आणायची व्यवस्था’ करण्याआधी ‘का जातात’ हे शोधावे. कामगाराला विचारायचे प्रश्न साधे आहेत: आधी कुठे होतात, ते का सोडले, येथे सर्वांत चांगला हात कशावर बसला, गेल्या वेळी गावाहून परत येताना याच कारखान्यात का आलात, किंवा का आला नाहीत. उत्तरांत पगाराच्या जोडीने खोली, पाणी, रेशन आणि मुलांची शाळा हेच पुन्हा पुन्हा येते. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत गावचे कार्ड येथे चालायला हवे. ते दुकानात खरोखर चालते का, एवढे जरी आपण तपासले तरी त्याचा माणूस टिकण्याशी थेट संबंध आहे.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. देशांतर्गत स्थलांतराला परवाना लागत नाही. राज्यघटनेच्या कलम १९ ने कोठेही जाऊन राहण्याचा व काम करण्याचा हक्क दिलेला आहे. म्हणून परदेशांप्रमाणे ‘आधी स्थानिक उमेदवार शोधा, मग परवानगी घ्या’ अशी चाळणी आपल्याला लावता येत नाही आणि लावूही नये. आपल्या हातात आहे ती मध्यस्थी सुधारणे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत आणलेल्या माणसांपुरता होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्वतःहून आलेल्या कामगाराचाही समावेश आहे. कोरियाने २००४ पासून परदेशी कामगारांची भरती खासगी दलालांकडून काढून दोन सरकारांमधील व्यवस्थेवर आणली, ती मुख्यतः दलालीचे कर्ज घेऊन येणारा कामगार मालक बदलण्यासाठी पळून जातो या अनुभवामुळे. आपल्याकडे ‘उचल’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. उचलीने बांधलेला माणूस हा टिकलेला माणूस नव्हे, आणि सर्वेक्षणात त्या दोघांची नोंद एका रकान्यात होता कामा नये.

ऊसतोड आणि इचलकरंजीचे यंत्रमाग हे आपल्या कक्षेबाहेरचे विषय आहेत, पण तुलनेसाठी थोडक्यात लिहितो. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडपे, आणि तो हंगाम सरला की उठतो. तिथे कौशल्याची गणनाच होत नाही, आणि तोडणी यंत्र आले की प्रश्न यंत्रचालकाच्या कौशल्याचा होतो, जो चालक बहुधा त्या कोयत्यांमधून येत नाही. इचलकरंजीत साध्या मागावरचा कामगार आणि रेपियर किंवा एअरजेट या नव्या मागांवरचा कामगार ही दोन वेगळी माणसे आहेत. जॉबर (मागांची देखभाल करणारा) आणि वहिफणीवाला (ताण्याचे धागे ओवणारा) मिळेनासे झाले म्हणून नवे माग आले, की नवे माग आले म्हणून ते दिसेनासे झाले, यावर तिथे आजही वाद होतो.

जाणाऱ्यांची बाजू मात्र आपल्या कक्षेतच आहे, आणि आराखड्यात ती नाही. आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी या भागांतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि १९८२ च्या संपानंतर त्यांतले पुष्कळ परत आले. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीची गलाई करणारी मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या एका कौशल्यावर देशभर पसरली. आज कळंब्याच्या आयटीआयमधून किंवा तंत्रनिकेतनातून बाहेर पडणारा मुलगा पुण्याला जातो, हा त्याच परंपरेचा पुढचा भाग आहे. म्हणून मागच्या तीन-चार वर्षांत उत्तीर्ण झालेल्या मुलांचा माग काढावा: किती जिल्ह्यात आहेत, किती गेले, कोणत्या पगारावर, आणि किती पगाराला परत येतील. मालकांची मागणी आणि या मुलांचे ओसरणे एका तक्त्यात शेजारी ठेवले की तिसऱ्या प्रकाराचा तुटवडा लख्ख दिसतो. आपण एका दाराने मोल्डर आत घेतो आणि दुसऱ्या दाराने सेटर बाहेर सोडतो.

परदेशाचे दारही आता किलकिले झाले आहे, ते हिशेबात धरले पाहिजे. भारत आणि जर्मनी यांच्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतर व गतिशीलतेचा करार झाला. २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठी वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याचे जाहीर केले. जपानशी विशिष्ट कौशल्य कामगारांचा करार जानेवारी २०२१ चा आहे. दोन्हीकडे खरी अडचण हाताच्या कौशल्याची नसते, भाषेची असते. आखाताचा मार्ग जुना आहे आणि तेथे दहावी न झालेल्यांना १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखाली ठरावीक १८ देशांसाठी परवानगी घ्यावी लागते. आपल्या सभासदांपैकी काहींना ही चर्चा नको असते, ‘आमचीच मुले बाहेर घालवण्याचे शिक्षण कशाला’ म्हणून. ती मुले तशीही जाणार आहेत. किती जातील याचा अंदाज आपल्या हिशेबात असणे वेगळे आणि त्यांना अडवणे वेगळे.

पाच वर्षांचा अंदाज सोडून द्या असे मी म्हणत नाही. तो मालकांच्या आकड्यांची बेरीज करून काढू नये, एवढेच म्हणतो. त्याऐवजी दहा-बारा जाणती माणसे एकत्र बसवून दोन-तीन शक्यता मांडाव्यात. विजेवरच्या गाड्या वाढल्या तर इंजिनाच्या ब्लॉक-हेडसारख्या कास्टिंगवर जगणाऱ्यांचे काय, ट्रॅक्टर आणि पंपांचे काम तसेच राहिले तर काय, उच्च दाबाची मोल्डिंग लाइन आणखी काहींनी घेतली तर काय. यांतल्या प्रत्येक शक्यतेत माणसांची संख्या वेगळी येईल, पण एक गोष्ट सगळीकडे समान निघते असा माझा अनुभव आहे: हातमोल्डरांची गरज घटते, आणि पीएलसी (यंत्रांचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) समजणारा इलेक्ट्रिशियन, हायड्रॉलिक्सचा माणूस, वाळू व धातू तपासणारा यांची वाढते. या पदांसाठी केंद्र काढावे. त्यासाठी इमारत लागेलच असे नाही. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे नियमानेच बंधनकारक आहे; आपले किती सभासद ते खरोखर शिकवण्यासाठी घेतात आणि किती स्वस्त हेल्पर म्हणून, हा प्रश्न प्रश्नावलीत घालण्याचे धैर्य दाखवावे.

जे मोल्डर आधीच येथे आहेत त्यांच्यासाठी पूर्वानुभवाच्या कौशल्याला मान्यता देणारी परीक्षा घ्यावी. तोंडी भाग हिंदीत, प्रात्यक्षिक त्यांच्याच शेडमध्ये. तिची एक अट मात्र आधी सभासदांकडून लेखी घ्यावी, की उत्तीर्ण होणाऱ्याची नोंद हेल्परवरून मोल्डर होईल आणि वेतनश्रेणी त्याप्रमाणे बदलेल. ही अट नसताना घेतलेल्या परीक्षांची प्रमाणपत्रे मी खोल्यांच्या भिंतींवर देवाच्या फोटोशेजारी लटकलेली पाहिली आहेत. पगार तोच होता. या अटीला पहिला विरोध ठेकेदारांकडून येईल, हे धरून चालावे.

शेवटी वेळापत्रकाचे. आपण मुलाखती दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात ठेवल्या आहेत. तेव्हा छठसाठी निम्मी शेड रिकामी असेल आणि मालक ऐन अडचणीत असतील; त्या दिवसांत तुटवड्याचा आकडा फुगेल आणि कामगारांची बाजू भेटणारच नाही. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ घ्यावा, होळीच्या गाड्या सुटण्याआधी. कारखान्यांची निवड सभासदांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून करावी, बैठकीला नेहमी येणाऱ्यांमधून नव्हे. कामगारांच्या मुलाखती कारखान्यात घेऊ नयेत. रविवारी सकाळी अकरानंतर, कपडे धुऊन झाल्यावर, त्यांच्या खोल्यांवर जावे, आणि जाणाऱ्यांत भोजपुरी किंवा ओडिया बोलणारा किमान एक जण असावा.